शून्य दलालीचा हिशेब

मार्च २०२० च्या अखेरीस देशातील डिमॅट खात्यांची संख्या ४ कोटींच्या आसपास होती. २०२५ च्या मध्यास ती २० कोटींच्या घरात गेली. एकाच माणसाची दोन-तीन खाती असू शकतात, म्हणून हा आकडा थोडा फसवा मानला, तरी राष्ट्रीय शेअरबाजारात नोंद असलेल्या स्वतंत्र गुंतवणूकदारांची संख्याही २०२५ मध्ये ११ कोटींच्या पुढे होती, आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. एके काळी शेअर हा शब्द मुंबईच्या कोट विभागात आणि पेढीवाल्यांच्या दिवाणखान्यात वावरत असे. आज तो चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या, लातूरच्या शिकवणी वर्गातील शिक्षकाच्या आणि नागपूरच्या दुकानातील हिशेबनिसाच्या भ्रमणध्वनीत शिरला आहे. या मंडळींचा पहिला प्रश्न एकच असतो : खाते कोणत्या दलालाकडे उघडावे? आणि त्या प्रश्नाचे त्यांना बाजारातून मिळणारे उत्तरही एकच असते : जो दलाली घेत नाही त्याच्याकडे.

चळवळीतील कार्यकर्त्यांची या बाबतीतली वृत्ती दोन प्रकारची दिसते. एक वर्ग शेअरबाजाराला सट्टा म्हणून मोकळा होतो. दुसरा वर्ग मुलाने किंवा भाच्याने उघडलेल्या खात्याकडे काणाडोळा करतो. पहिली वृत्ती सोवळ्याची आहे, दुसरी सोयीची. दोहोंचा परिणाम मात्र सारखाच होतो. ज्या माणसाला विचारावयास जवळचे कोणी नाही, तो जाहिरातीला विचारतो.

बाजारात कामगार आहेच

सट्ट्याच्या निषेधात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. तथापि कष्टकऱ्याचा पैसा शेअरबाजाराबाहेर आहे, ही समजूत आज खरी राहिलेली नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून निधीतील नव्या रकमेचा काही भाग शेअरबाजाराच्या निर्देशांकाशी बांधलेल्या फंडांत गुंतविण्यास आरंभ केला. प्रारंभी हा वाटा ५ टक्के होता, पुढे तो १५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आला. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून दाखल झालेल्यांची निवृत्तिवेतनाची जुनी हमी काढून घेण्यात आली, आणि त्यांच्या म्हातारपणाचा आधार अंशदानाच्या व बाजाराच्या चढउतारावर ठेवण्यात आला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लक्षावधी सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर गेले ते याच प्रश्नावर.

म्हणजे कामगाराने बाजारात जावे की नाही, हा निर्णय बऱ्याच अंशी त्याला न विचारता होऊन गेलेला आहे. ज्याला भविष्य निर्वाह निधीही नाही आणि निवृत्तिवेतनही नाही, असा कंत्राटी मजूर किंवा घरपोच माल पोचविणारा तरुण महागाईने झिजणाऱ्या आपल्या शिलकीकडे पाहून बाजाराकडे वळतो, तेव्हा त्याच्या लोभापेक्षा त्याची असुरक्षितताच अधिक बोलत असते. सामाजिक सुरक्षिततेचा लढा हे त्यावरचे खरे उत्तर होय, याविषयी दुमत नाही. परंतु तो लढा जिंकला जाईपर्यंत त्या तरुणाला दलालाच्या दारात एकटे सोडणे, हे कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

दलाल म्हणजे काय?

मुंबईतील दलालांची संघटना १८७५ साली स्थापन झाली. त्यापूर्वी टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली हे दलाल जमत असत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्या पैशावर बॅक बे भरावाच्या शेअरांचे वेड मुंबईला लागले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटून अनेक घराणी धुळीस मिळाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणात दलालाने बँकांचा पैसा वापरला. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी शेअर प्रमाणपत्रांची जागा संगणकीय नोंदीने घेतली. बनावट प्रमाणपत्रे आणि टपालात हरवणारे शेअर यांचा जाच संपला, ही सामान्य भागधारकाच्या दृष्टीने मोठीच सुधारणा होती.

आजचा ऑनलाइन दलाल म्हणजे त्या वडाखालच्या दलालाचाच वारस होय. त्याचे काम मर्यादित आहे. गुंतवणूकदाराचा खरेदी-विक्रीचा हुकूम बाजारापर्यंत पोचविणे, पैशांची देवघेव करणे आणि डिमॅट खात्याची व्यवस्था पाहणे, एवढेच ते काम. शेअर दलालाच्या मालकीचे नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे गुंतवणूकदाराच्या नावाने नोंदलेले असतात. बाजार कोणत्याही दलालाच्या ॲपमधून तोच दिसतो आणि शेअरचा भावही तोच असतो. मग एका दलालात आणि दुसऱ्यात फरक कोठे पडतो? तो तीन ठिकाणी पडतो : दलालाचे उत्पन्न कोठून येते, गुंतवणूकदाराचे शेअर व पैसे किती सुरक्षित राहतात, आणि दलाल त्याला काय करावयास उद्युक्त करतो. नव्या माणसाने निवड करावयाची ती या तीन कसोट्यांवर.

अडत कोणाच्या खिशातून?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अडत म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्यात झाला, तेव्हाही अडत्याने फुकट काम करावयास आरंभ केला नव्हता. अडत नाहीशी झाली नव्हती. ती कोणाच्या खिशातून जावयाची, एवढाच प्रश्न होता. शून्य दलालीचेही तसेच आहे. शेअर घेऊन ते ठेवणाऱ्याकडून अनेक सवलतीचे दलाल काहीच घेत नाहीत. मग कचेऱ्या, संगणक, जाहिराती आणि क्रिकेटच्या सामन्यांतील झगमगाट यांचा खर्च कोण देतो?

याचे उत्तर सेबीच्याच अभ्यासात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये, म्हणजे बोलीभाषेत ज्याला वायदा म्हणतात त्या व्यवहारात, १ कोटीहून अधिक व्यक्तींनी भाग घेतला. त्यांतील ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून त्यांचा दरडोई सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यक्तींनी तीन वर्षांत व्यवहारखर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये भरले, आणि त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक रक्कम दलालीची होती. हरणारे हरत होते, तेव्हा दलालाच्या गल्ल्यात प्रत्येक हुकूमामागे भर पडत होती.

हरणारे कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. २०२३-२४ मध्ये यांतील तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांपेक्षा कमी सांगितले होते. ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. आणि जिंकणारे कोण? त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी खर्च वगळण्यापूर्वी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये नफा मिळविला, आणि तोही जवळजवळ सर्वस्वी संगणकाने चालविलेल्या व्यवहारांतून. पगाराच्या शिलकीतून पाच-दहा हजार घेऊन उतरलेला तरुण आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात हुकूम सोडणारे यंत्र यांची ही कुस्ती आहे. आखाडा मांडणारा तिकिटाचे पैसे मात्र त्या तरुणाकडून घेतो.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने या व्यवहारांवर काही निर्बंध घातले. कराराचा किमान आकार वाढविला आणि साप्ताहिक मुदतीचे करार मर्यादित केले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या आणि त्यांचा निव्वळ तोटा १ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. साध्या शेअरांत सकाळी घेऊन संध्याकाळी विकण्याचा जो व्यवहार चालतो, त्यातही २०२२-२३ मध्ये दहांपैकी सात व्यक्ती तोट्यात होत्या.

दलालांच्या उत्पन्नाची आणखी एक वाट होती. शेअरबाजार दलालाकडून उलाढालीच्या प्रमाणात उतरत्या दराने शुल्क घेत असे. दलाल मात्र ग्राहकाकडून चढ्या दराने वसूल करून मधला फरक ठेवून घेत असे. सेबीने ही पद्धत १ ऑक्टोबर २०२४ पासून बंद केली, आणि त्यानंतर काही दलालांनी आपले दर फेरले. शिवाय उधारीवर शेअर घेण्याची सोय आहे, तिच्यावर व्याज आहे. म्हणून नव्या गुंतवणूकदाराने ‘दलाली किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘या दलालाचे पोट कशावर भरते?’ हा प्रश्न त्याने विचारला पाहिजे. ज्या दलालाचे पोट वायद्याच्या उलाढालीवर भरते, त्याच्याकडे शून्य दलालीने शेअर घेऊन गप्प बसणारा ग्राहक हा त्याच्या दृष्टीने अजून न पिकलेला माल असतो.

लहान माणसाचा खर्च

याचा अर्थ खर्चाकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. उलट लहान रकमेला खर्च अधिक जाचतो. दरमहा २,००० रुपयांचे शेअर घेऊन ते ठेवणाऱ्या एखाद्या कारकुनाचे उदाहरण घ्यावे. दलाल अर्धा टक्का दलाली घेत असेल तर दर महिन्याला १० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू-सेवा कर, म्हणजे वर्षाला १४१ रुपये ६० पैसे होतात. ‘प्रत्येक हुकूमास फक्त २० रुपये’ अशी आकर्षक जाहिरात करणारा दलाल त्याच कारकुनाकडून करासह वर्षाला २८३ रुपये २० पैसे घेईल. ठोक दर मोठ्या रकमेला स्वस्त पडतो, लहान रकमेला नव्हे. ‘२० रुपये किंवा अमुक टक्के, यांपैकी जे कमी असेल ते’ अशी तरतूद दरपत्रकात आहे की नाही, हे म्हणूनच पाहावयास हवे.

परंतु दलालीपेक्षाही एक खर्च अनेकांच्या ध्यानात येत नाही. डिमॅट खात्याचे वार्षिक शुल्क ३०० रुपये असेल तर करासह ३५४ रुपये होतात. वर्षात २४ हजार रुपये गुंतविणाऱ्याच्या दृष्टीने हा जवळपास दीड टक्का झाला. यावर उपाय आहे, आणि तो कायदेशीर हक्क म्हणून आहे. ज्याचे एकच डिमॅट खाते आहे आणि त्यातील शेअरांचे मूल्य ४ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला मूलभूत सेवा डिमॅट खाते मिळते. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा खात्यावर वार्षिक शुल्क नाही. ऊठसूट दोन-तीन दलालांकडे खाती उघडणारा माणूस हा हक्क स्वतःहून गमावतो.

उरलेले खर्च कोणत्याही दलालाकडे सारखेच पडतात. शेअर घेताना आणि विकताना ०.१ टक्का रोखे व्यवहार कर असतो आणि घेताना ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क असते. विकताना मात्र डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे एक ठोक शुल्क बहुतेक दलाल आकारतात. ते एका कंपनीच्या शेअरांवर, त्या दिवशी एक विकला काय किंवा शंभर विकले काय, एकदाच लागते. पाचशे रुपयांचे शेअर विकताना पंधरा रुपये शुल्क पडले तर ते ३ टक्के होतात. ‘शून्य’ हा शब्द दरपत्रकाच्या पहिल्या ओळीत असतो. माणसाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले पाहिजे.

शेअर कोणाच्या हातात?

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंग या मोठ्या आणि जुन्या दलाल कंपनीवर अंतरिम आदेश काढला. ग्राहकांनी दिलेल्या कुलमुखत्यारपत्राचा वापर करून कंपनीने त्यांचे शेअर आपल्या खात्यात वळविले आणि ते तारण ठेवून कर्ज उचलले, असे आढळले होते. सुमारे ९५ हजार ग्राहकांच्या सुमारे २,३०० कोटी रुपयांच्या शेअरांचा हा प्रश्न होता. बहुतेकांना त्यांचे शेअर डिसेंबर २०१९ मध्ये परत मिळाले, ते नियामकांनी वेळीच हस्तक्षेप केला म्हणून. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराने कंपनीला कसूरदार ठरवून काढून टाकले आणि एप्रिल २०२३ मध्ये सेबीने कंपनीवर व तिच्या प्रमुखावर सात वर्षांची बाजारबंदी घातली. यातून निघणारा धडा असा की, दलालाचा मोठेपणा, त्याच्या शाखांची संख्या आणि त्याचे वय यांपैकी कशालाही हमी समजता येत नाही.

या प्रकरणानंतर नियम बदलले. सप्टेंबर २०२० पासून तारणाची पद्धत अशी झाली की शेअर ग्राहकाच्याच खात्यात राहतात आणि त्यांवर केवळ तारणाची नोंद होते. २०२२ पासून कुलमुखत्यारपत्राऐवजी मर्यादित अधिकार देणारे डीडीपीआय नावाचे पत्र आले, आणि तेही ऐच्छिक आहे. ते न देता प्रत्येक विक्रीच्या वेळी सांकेतिक क्रमांक टाकून संमती देता येते. क्वचित विकणाऱ्या नव्या माणसाने ते देण्याचे कारण नाही. खरेदी केलेले शेअर दलालाच्या खात्यात न थांबता थेट ग्राहकाच्या खात्यात जमा करण्याची पद्धतही त्यानंतर आणली गेली. फेब्रुवारी २०२५ पासून मोठ्या पात्र दलालांनी अशी एक सोय द्यावी असे ठरले की, पैसे दलालाकडे अगोदर न पाठविता स्वतःच्या बँक खात्यातच राखून ठेवता यावेत. ही सोय दलाल देतो काय, हा खाते उघडण्यापूर्वी विचारण्याचा प्रश्न आहे. ती नसेल, तर दलालाकडे विनाकारण पैसे पडू देऊ नयेत.

नियम कागदावर असतात, राखण मात्र स्वतः करावी लागते. खात्यावर दलालाचा किंवा त्याच्या माणसाचा भ्रमणध्वनी क्रमांक नव्हे, स्वतःचाच नोंदलेला असावा. डिपॉझिटरीकडून येणारे संदेश आणि एकत्रित खातेपत्रक दलालाच्या ॲपमधील आकड्यांशी ताडून पाहावे. खरेदी-विक्रीनंतर येणारी व्यवहार-पावती जपून ठेवावी. वारसाचे नाव पहिल्याच दिवशी नोंदवावे. दलाल बुडाल्यास शेअरबाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीतून मर्यादेपर्यंत भरपाई मिळू शकते, परंतु शेअरचा भाव पडून झालेला तोटा कोणताही निधी भरून देत नाही, हा भेदही लक्षात ठेवावयास हवा.

याहूनही मोठा धोका खोट्या दलालाचा आहे. नामांकित कंपनीच्या नावाचे हुबेहूब ॲप तयार करून, व्हॉट्सॲपच्या गटात ओढून, पडद्यावर खोटा नफा दाखवून लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटणाऱ्या टोळ्या आज गावोगाव पोचल्या आहेत. यांत निवृत्त शिक्षकही फसतात आणि अभियंतेही. दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलालांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय पत्ते आणि ते पडताळण्याची ‘सेबी चेक’ ही सोय उपलब्ध झाली आहे. व्यक्तीच्या खासगी खात्यात पैसे मागणारा दलाल हा दलालच नव्हे, एवढे एक सूत्र घरोघर पोचले तरी पुष्कळांचे संसार वाचतील.

उद्युक्त कोण करतो?

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे, कारण ती दरपत्रकात दिसत नाही. काही ॲप उघडताच आज सर्वाधिक चढलेले शेअर, आज सर्वाधिक व्यवहार झालेले ऑप्शन, ‘इतरांनी हे घेतले’ अशी पाटी समोर येते. दिवसातून चार वेळा घंटी वाजते. उधारीवर घेण्याचे बटण रोखीच्या बटणाशेजारीच असते. वडाखालचा दलाल गिऱ्हाइकाच्या कानात कुजबुजत असे. आजचा दलाल त्याच्या उशाशी झोपतो. नव्या माणसाच्या दृष्टीने चांगला दलाल तो, जो त्याला कमीत कमी हलवितो.

याची परीक्षा करता येते. वायद्याचा विभाग चालू करण्यासाठी उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. खाते उघडताना तो मागितला गेला, तर तो न देता केवळ रोख शेअरांचा विभाग चालू ठेवता येतो. तसे सरळपणे करू देणारा दलाल निवडावा. सूचना बंद करता येतात काय, उधारीची सोय न मागता चालू केलेली तर नाही ना, खाते बंद करण्याचा मार्ग उघडण्याच्या मार्गाइतकाच सोपा आहे काय, तक्रार ऐकणारे माणूस मराठीत बोलते काय, हे प्रश्न दलालीच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे होत.

यावर असे म्हटले जाईल की, मग ओळखीचा, गावातला, खुर्चीत बसलेला दलाल बरा. त्यात अंशतः तथ्य आहे. ज्याला भ्रमणध्वनीवर व्यवहार करणे जमत नाही, त्याला माणसाचा आधार लागतो. परंतु गावातला दलालही उलाढालीवरच जगतो, आणि ‘साहेब, हा शेअर आज काढून टाका’ हा त्याचा सल्ला कोणाच्या हिताचा, हे ओळखीमुळे विचारताही येत नाही. दलाली आणि सल्ला हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याची सेबीकडे स्वतंत्र नोंदणी असते, आणि ती नसलेल्या समाजमाध्यमांतील गुरूचा सल्ला घेणे म्हणजे पाटी नसलेल्या वैदूकडून शस्त्रक्रिया करून घेण्यासारखे आहे.

किंबहुना ज्याच्यापाशी अभ्यासाला वेळ नाही, त्याला दलालाची गरज आहे काय, हाच मूळ प्रश्न आहे. जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांच्या ‘डायरेक्ट’ योजनांत मध्यस्थाशिवाय पैसे गुंतविता येतात. निर्देशांकाचे अनुकरण करणारा फंड अल्प खर्चात अनेक कंपन्यांत वाटा देतो, आणि त्यासाठी डिमॅट खातेही लागत नाही. तोही बाजारासोबत पडतो, म्हणून मुलांची फी, आजारपणाची तरतूद किंवा कर्जाचा हप्ता यांचे पैसे त्यात घालता कामा नयेत. पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही, एवढीच शिल्लक त्यासाठी वापरावी.

कार्यकर्त्यांचे काम

कष्टकऱ्यांना सट्ट्याची दीक्षा देण्याचा हा प्रकार नाही काय, असा आक्षेप येईल. परंतु ज्या कार्यकर्त्यांनी शिधापत्रिकेचे अर्ज भरून दिले, सावकाराच्या वहीतील व्याज मोजून दाखविले, भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीत कामगारांसोबत हेलपाटे घातले, त्यांनी सावकारी, टंचाई किंवा नोकरशाही यांचा पुरस्कार केला नव्हता. त्या व्यवस्थेत सापडलेल्या माणसाला त्यांनी निःशस्त्र सोडले नाही, इतकेच. दलालाचे दरपत्रक वाचून दाखविणे हे त्याच परंपरेतले काम आहे.

ते काम कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांना, शिक्षक संघटनांना आणि कामगार संघांना सहज करता येईल. एखाद्या रविवारी सभासदांना बोलावून नोंदणी कशी तपासावी, मूलभूत खाते कसे मागावे, वायद्याचा विभाग बंद कसा ठेवावा, आणि तक्रार प्रथम दलालाकडे, नंतर सेबीच्या ‘स्कोअर्स’ व्यवस्थेत आणि त्यानेही न भागल्यास ऑनलाइन लवादापुढे कशी न्यावी, एवढे शिकविले तरी पुरे. ज्याने वायद्यात पगार घालविला आहे, त्याला त्या सभेत लाजेने मान खाली घालावी लागू नये. तो मूर्ख नाही. दहांतील नऊ जण हरावेत अशा खेळात त्याला निमंत्रण देऊन बसविण्यात आले होते.

याच्या जोडीने मागण्याही केल्या पाहिजेत. दलालाच्या उत्पन्नाचा किती भाग वायद्याच्या व्यवहारांतून येतो, हे खाते उघडण्याच्या पानावर ठळकपणे छापण्याची सक्ती व्हावी. अल्प उत्पन्नाच्या माणसाला उधारीचे व वायद्याचे दार सहज उघडे नसावे. दरपत्रक व करार ग्राहकाच्या भाषेत मिळावा. आणि सर्वांत मोठी मागणी जुनीच आहे. म्हातारपणाची भाकरी बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहू नये, अशी निवृत्तिवेतनाची हमी प्रत्येक श्रमिकाला हवी. ती मिळेल त्या दिवशी दलाल निवडण्याचा प्रश्न बव्हंशी हौसेचा उरेल. आज तो अनेकांच्या गरजेचा आहे, आणि त्यावर घोर विचार न करता पहिल्या झगमगत्या पाटीवर बोट ठेवणाऱ्या तरुणाला कोणीतरी शेजारी बसून एवढेच विचारावयास हवे : दलाली शून्य आहे हे खरे, पण मग या दलालाचे घर कोणाच्या पैशावर चालते?